मन ठरले नसता वैद्यकीय महाविद्यालयाची निवड

गेल्या आषाढातील गोष्ट. शाळा सुटल्यावर शिक्षकांच्या खोलीत मी वह्या आवरीत होतो, तोच आमची एक माजी विद्यार्थिनी आपल्या वडिलांसह दारात येऊन उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ती येथूनच दहावी उत्तीर्ण झाली, पुढे पी.यू.सी.ला तिने विज्ञानशाखा घेतली आणि ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेत तिला चांगले गुण मिळाले. वडिलांचे शहापुरात कापडाचे लहानसे दुकान आहे. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून झाल्यावर तिने पिशवीतून महाविद्यालयांची एक लांबलचक यादी काढली आणि म्हणाली, “सर, पसंतीक्रम चार दिवसांत भरायचा आहे. पण मला सर्जन व्हायचंय की आपली साधी फॅमिली डॉक्टर, हेच मला कळत नाही. मग महाविद्यालय तरी कशावरून निवडू?”

तिच्या या संभ्रमाचे मूळ घरातीलच एका प्रसंगात होते. काही वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ एका रात्री पोटदुखीने तळमळू लागला. आजीने ओवा दिला. पण दुखणे थांबेना. पहाटे गल्लीतील वृद्ध डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मुलाला निजवून पोट चाचपले, दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली केव्हा सरकले ते विचारले, आणि एकही गोळी न देता, “याला असाच्या असा इस्पितळात न्या,” असे सांगितले. मुलाच्या आंत्रपुच्छास, म्हणजे ज्याला आपण अपेंडिक्स म्हणतो त्यास, सूज आली होती. दुपार होण्याच्या आत शस्त्रक्रिया झाली आणि पोर वाचले. “सर, त्याला वाचवलं कोणी? पोट चाचपणाऱ्यांनी की पोट उघडणाऱ्यांनी?” असे तिने मला विचारले.

त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे चार दिवस आम्ही तिघांनी मिळून जो विचार केला, माहिती काढली आणि जाणत्यांना विचारले, त्याचे सार येथे मांडीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या ही यादी उघडली जाईल. त्या वेळी ते उपयोगी पडावे एवढाच हेतू.

दोन कामे, एकच रोगी

प्रथम ही दोन कामे कोणती ते नीट पाहू. आपल्या परंपरेतही ती दोन आहेत. चरकाचे नाव कायचिकित्सेशी जोडलेले आहे, सुश्रुताचे शल्यतंत्राशी. सुश्रुताच्या शिष्यांना माणसाच्या देहावर शस्त्र चालविण्यापूर्वी भोपळा, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा लागे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. हाताचे कौशल्य सरावानेच येते, ही जाणीव इतकी जुनी आहे.

प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरकडे रोगी येतो तो रोगाचे नाव घेऊन येत नाही. तो येतो ते ‘पोट दुखते’, ‘अंगात कसकस आहे’, ‘झोप लागत नाही’ अशी तक्रार घेऊन. शंभर पोटदुख्यांपैकी बहुतेक अपचनाच्या, जंतांच्या वा काळजीच्या असतात. त्यांतील एखादीच घातकी असते. ती एक नेमकी ओळखणे, उरलेल्यांना विनाकारण न घाबरविणे, आणि त्या सर्वांची वर्षानुवर्षे माहिती ठेवणे, हे त्याचे काम. आजोबांचा मधुमेह, सुनेचे बाळंतपण, नातवाची लस आणि शेजाऱ्याचे व्यसन हे सारे त्याच्या एकाच वहीत असते. सन १९७८ मध्ये तत्कालीन सोव्हिएत संघातील अल्माआता येथे जगातील राष्ट्रांची जी आरोग्यपरिषद झाली, तिने प्राथमिक आरोग्यसेवा हाच सर्वांच्या आरोग्याचा पाया होय असे जाहीर केले.

शल्यचिकित्सकाचे काम याहून वेगळे. त्याच्याकडे रोगी बहुधा निवडून आलेला असतो. तेथे प्रश्न असा की, शस्त्र घ्यावे की थांबावे. घ्यायचे तर केव्हा, आणि मध्येच काही विपरीत घडले तर काय करावे. हात स्थिर लागतो. पण त्याहून स्थिर मन लागते. भूल देणारा, परिचारिका, सहायक यांच्यासह एका चमूत काम करावे लागते. फळ बहुधा लवकर दिसते, आणि अपयशही डोळ्यांसमोरच दिसते.

यावरून कोणी असे समजू नये की, प्राथमिक सेवा गरिबांसाठी आणि शस्त्रक्रिया शहरांतील श्रीमंतांसाठी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली दाखवून दिले की, जगातील सुमारे ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळू शकत नाही. पहिल्या पायरीच्या रुग्णालयात निदान तीन शस्त्रक्रिया झाल्याच पाहिजेत, असे त्या आयोगाचे म्हणणे: अडलेल्या बाळंतिणीचे सिझेरियन, पोट उघडून करावयाची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरील उपचार. याउलट, प्राथमिक सेवा म्हणजे ज्याला पुढे जाता आले नाही त्याने करावयाचे काम, हाही मोठाच गैरसमज होय. शंभरांतून एक निवडण्याचे काम कमी बुद्धीचे नाही.

तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, तिच्या भावाला दोघांनीही वाचविले. पहिला नसता तर दुसऱ्यापर्यंत मूल वेळेवर पोहोचले नसते. दुसरा नसता तर पहिल्याचे निदान व्यर्थ गेले असते.

निर्णयाची वेळ खरोखर केव्हा येते?

अठराव्या वर्षी मुलांना वाटते की, महाविद्यालय निवडले म्हणजे आयुष्य ठरले. वस्तुतः आपल्या देशातील व्यवस्था तशी नाही. इंग्रजी अमदानीत येथे दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत: विद्यापीठाचे पदवीधर, आणि थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक. सन १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ च्या आपल्या अहवालात हा भेद मोडून देशभर एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. त्याने प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचेही शिक्षण घ्यावे, असा तिचा आग्रह होता. आजची एम.बी.बी.एस. ही पदवी त्याच विचाराची वारस आहे. भावी सर्जन आणि भावी कुटुंबवैद्य ती एकाच बाकावर बसून घेतात.

या अभ्यासक्रमाची मुदत साडेचार वर्षे, आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. पुढे रोगविज्ञान, औषधविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र. आणि शेवटी वैद्यक, शल्य, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग असा साधारण क्रम असतो. सन २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच रोग्याजवळ नेण्यावर भर आहे. २०२१-२२ च्या तुकडीपासून प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणकाळात त्यांच्या आरोग्याची विचारपूस करीत राहावी, अशीही योजना आहे. आंतरवासितेच्या वर्षात आजच्या नियमांनुसार १२ आठवडे सामाजिक वैद्यकाचे, ६ आठवडे वैद्यकाचे आणि ६ आठवडे शल्याचे असतात. उरलेला काळ इतर विभागांत वाटलेला असतो.

खरी फाट पडते ती यानंतर. शस्त्रक्रियेकडे जावयाचे तर एम.एस.ची तीन वर्षे, आणि मेंदूची वा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया अशा विशेष शाखेकडे वळावयाचे तर त्यापुढे बहुधा आणखी तीन. कुटुंबवैद्यकातही आता तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डी.एन.बी. ही पदवी त्यात आहे, आणि काही थोड्या महाविद्यालयांत एम.डी.ही आहे. यासाठी पुन्हा एक प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि तीत मिळालेल्या क्रमांकावर शाखा अवलंबून असते. म्हणजे तेथेही सारे आपल्या इच्छेवर नसते. पण तोवर विद्यार्थी तेवीस-चोवीस वर्षांचा झालेला असतो आणि त्याने शेकडो रोगी पाहिलेले असतात.

यावरून निघणारे सूत्र असे: मन ठरले नसेल तर ते बळेच ठरवून महाविद्यालय निवडू नये. ज्या ठिकाणी ही दोन्ही कामे जवळून पाहता येतील आणि स्वतःच्या हातांनी थोडी थोडी करून बघता येतील, असे महाविद्यालय निवडावे. संभ्रम हा दोष नव्हे. न पाहिलेल्या गोष्टीविषयी मत न बनविणे हा शहाणपणाच आहे.

वाट बदललेली माणसे

शिवाय एकदा घेतलेली वाट कायमची असते असेही नाही. डॉ. नोशीर अंतिया हे मुंबईतील ख्यातनाम प्लास्टिक सर्जन. इंग्लंडात शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी जे. जे. रुग्णालयात त्या शाखेचा विभाग उभा केला आणि कुष्ठरोग्यांच्या विद्रूप झालेल्या हातांवर व चेहऱ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे त्याच गृहस्थांनी अलिबागजवळच्या मांडवा परिसरात खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचे काम हाती घेतले, आणि १९७५ साली सामूहिक आरोग्याच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन केली. डॉ. प्रकाश आमटे नागपुरास शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेत होते. ते सोडून १९७३ साली सुरू झालेल्या हेमलकशाच्या प्रकल्पात ते डॉ. मंदाकिनी आमटे यांच्यासह दाखल झाले. तेथे तज्ज्ञांकडे पाठविण्याची सोयच नव्हती. तेव्हा मलेरियाचा ताप, अस्वलाने केलेली जखम आणि अडलेले बाळंतपण या सर्वांना त्यांनाच सामोरे जावे लागले. उभयतांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्राथमिक सेवेत संशोधनाला वाव नाही असे म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी देखभाल करविली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे अशा घरपोच देखभालीचा देशाच्या आरोग्यधोरणातही स्वीकार झाला.

यादी हाती घेऊन विचारावयाचे पाच प्रश्न

आता मूळ विषयाकडे येऊ. इमारतीची छायाचित्रे आणि जाहिराती बाजूस सारून प्रत्येक महाविद्यालयाविषयी पुढील पाच प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: रुग्णालयात रोगी किती येतात, आणि कोणते येतात? विद्यार्थ्याचा खरा ग्रंथ रोगी हाच होय. खाटा कागदावर कितीही असोत, त्या भरलेल्या आहेत की नाहीत हे महत्त्वाचे. साधा ताप, क्षय, सर्पदंश, अपघात, बाळंतपण, आंत्रवृद्धी असे नित्याचे रोगी जेथे येतात, तेथे दोन्ही वाटांची ओळख होते. ज्या भव्य रुग्णालयात केवळ दुर्मीळ व खर्चिक उपचारांसाठी दुरून रोगी येतात, तेथील कीर्ती मोठी असली, तरी पदवीच्या विद्यार्थ्याला साधी पोटदुखी पाहावयास मिळेलच असे नाही.

दुसरा प्रश्न: महाविद्यालयाचे ग्रामीण वा नागरी आरोग्य केंद्र चालते आहे की नुसते पाटीवर आहे? सरकारी निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावयास हवे. अशा केंद्रात आंतरवासितेचे १२ आठवडे घालविणारा विद्यार्थी प्रत्यक्ष काय करतो, ते विचारावे. तो बाह्यरुग्ण विभाग चालवितो, लसीकरणाला गावात जातो, गरोदर स्त्रियांची तपासणी करतो, की हजेरीपटावर सही करून प्रवेशपरीक्षेच्या पुस्तकात डोके घालतो? हे १२ आठवडे वाया गेले, तर प्राथमिक सेवा नाकारण्याचा निर्णय ती न पाहताच घेतला जाईल.

तिसरा प्रश्न: शस्त्रक्रियागृहात विद्यार्थी कोठे उभा असतो? काही ठिकाणी तो तिसऱ्या रांगेत टाचा उंचावून पाहतो. काही ठिकाणी आंतरवासितेत त्याला हात निर्जंतुक करून टेबलापाशी उभे करतात, गळू कापणे, जखम शिवणे, प्लास्टर घालणे अशी लहान कामे देखरेखीखाली करू देतात. येथे एक गोम आहे. ज्या महाविद्यालयात पदव्युत्तर विद्यार्थी पुष्कळ, तेथे शिकविणारे हात अधिक असतात. पण कामही तेच उचलतात. जेथे ते थोडे, तेथे धाकट्यांना काम अधिक मिळते. पण मार्गदर्शन कमी पडण्याचा संभव असतो. यांतील कोणते येथे घडते, हे तेथील आंतरवासी विद्यार्थीच सांगू शकेल.

चौथा प्रश्न: दोन्ही वाटांवर चाललेली माणसे तेथे शिक्षक म्हणून आहेत काय? तरुण मनावर पुस्तकापेक्षा माणसाचा ठसा अधिक उमटतो. जेथे सारे शिक्षक अतिविशेष शाखांचे, तेथे कुटुंबवैद्यकाचे नाव काढताच हसे होते; जेथे शल्यविभाग दुबळा, तेथे शस्त्रक्रियेची नुसती धास्ती बसते. दोन्हींचा मेळ घातलेल्या संस्था आपल्या देशात आहेत. वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय हे त्यांतील एक. डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेवर तेथे सुरुवात केली आणि १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली. त्या स्वतः आजूबाजूच्या खेड्यांत जाऊन रस्त्याच्या कडेला दवाखाना मांडीत; आणि पुढे त्याच संस्थेत डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या हातांवरील शस्त्रक्रियेचे जगात गाजलेले काम केले. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे येथलेच विद्यार्थी. सेवाग्राम येथे १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, आणि त्याच वेळी कस्तुरबा रुग्णालयात सर्व तऱ्हेचे रोगीही पाहते. सर्वांनी या दोन ठिकाणीच जावे असे नव्हे. पण चांगली संस्था कशी असते याचा नमुना म्हणून त्या डोळ्यांसमोर ठेवाव्यात.

पाचवा प्रश्न: शिक्षणाचा खर्च किती, आणि त्यासोबत कोणते बंधपत्र? हा प्रश्न बहुतेक जण केवळ ऐपतीचा समजतात. माझ्या मते तो स्वातंत्र्याचाही आहे. शासकीय महाविद्यालयाची वार्षिक फी काही हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत असते. अभिमत विद्यापीठांत ती वर्षाला वीस लाखांच्याही वर जाते. घर गहाण टाकून वा मोठे कर्ज काढून शिकलेल्या मुलाला पुढे मनातून कुटुंबवैद्य व्हावेसे वाटले, तरी हप्ते त्याला होऊ देतीलच असे नाही. अधिक मिळकत देणारी शाखा तो निवडील, आणि तीच आपली आवड होती अशी स्वतःची समजूत घालील. उलट, अनेक राज्यांत शासकीय शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते, आणि ती न केल्यास मोठा दंड भरावा लागतो. त्याची मुदत व रक्कम आधी वाचून घ्यावी. पण ज्याचे मन ठरलेले नाही त्याने बंधपत्राला भिऊ नये. पदवीनंतरचे ते वर्ष म्हणजे स्वतःला पारखण्याची आणखी एक संधीच होय.

माहिती कशी काढावी?

या प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात मिळत नाहीत. त्यासाठी शक्य तर एका कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊन तासभर बाकावर बसावे. केसपेपराची रांग किती लांब आहे, डॉक्टर रोग्याशी कसे बोलतात, विद्यार्थी कोठे आहेत, हे नुसते पाहावे. मग दोन-तीन आंतरवासी विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात: “गेल्या महिन्यात तुम्ही स्वतःच्या हातांनी काय केले? आरोग्य केंद्रावर तुमचा दिवस कसा गेला? पुन्हा निवडावयाचे झाले तर हेच महाविद्यालय घ्याल काय?” एकाच्या उत्तरावर विसंबू नये; पण तिघांचे उत्तर एक आले तर ते मानावे.

भाषेचाही विचार करावा. रोगी पुस्तकाच्या इंग्रजीत बोलत नाही. ‘कळ येते’, ‘चमक निघते’, ‘जीव घाबरतो’ यांतील फरक ज्याला कळतो, त्याचे अर्धे निदान तेथेच होते. सीमाभागातील आपल्या मुलांना मराठीबरोबर कानडी आणि बहुधा हिंदीही येते. हे त्यांचे मोठेच भांडवल आहे. ज्या रुग्णालयात ते कामी येईल त्याला आपल्या यादीत थोडे अधिक वजन द्यावे.

यासाठी दूरच जावे लागते असे नाही. मराठी माणूस जेथे जेथे पिढ्यान्‌पिढ्या वसला, तेथे वैद्यकीय शिक्षणाच्या जुन्या संस्था आहेत. गोव्यातील शाळा १८४२ ची, हैदराबादची १८४६ ची, इंदूरची १८७८ ची. ग्वाल्हेरचे महाविद्यालय १९४६ साली, बडोद्याचे १९४९ साली आणि बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. प्रवेशाचे नियम मात्र ध्यानात ठेवावेत. राज्यांच्या शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय गुणवत्तेवर भरतात. उरलेल्या ८५ टक्के जागांसाठी त्या त्या राज्याच्या रहिवासाच्या व शिक्षणाच्या अटी असतात. महाराष्ट्रात वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यासाठी लागणारे दाखले आयत्या वेळी मिळत नाहीत. म्हणून दहावीपासूनच ते जमवून ठेवावेत, आणि त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. ऐकीव गोष्टींवर अर्ज भरू नये.

चौथ्या दिवशी

चौथ्या दिवशी ती मुलगी पुन्हा आली. या वेळी यादीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिच्यापुढे शेवटी दोन नावे उरली होती. एक मोठ्या शहरातील काचेच्या इमारतीचे, ज्याच्या फीसाठी वडिलांना घर गहाण टाकावे लागले असते. दुसरे एका जिल्ह्याच्या गावचे शासकीय महाविद्यालय. इमारत जुनी, पण बाह्यरुग्ण विभागात पाय ठेवावयास जागा नाही, हे ती वडिलांबरोबर जाऊन पाहून आली होती. तेथील एका आंतरवासी मुलीने तिला सांगितले, “मागच्या महिन्यात मी पाच जखमा शिवल्या, आणि त्याआधी आरोग्य केंद्रावर होते तेव्हा एक बाळंतपण केलं. दोन्ही दिवस मला झोप लागली नाही.”

“मग काय ठरवलंस?” मी विचारले.

“महाविद्यालय ठरलं, सर. मी अजून ठरले नाही,” ती हसून म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. पण पहिल्या दिवशी त्यांच्या कपाळावर दिसलेली आठी त्या दिवशी नव्हती.

आता ती पहिल्या वर्षात आहे. दिवाळीच्या सुटीत भेटली तेव्हा तिच्याकडे सोपविलेल्या कुटुंबांतील एका म्हातारीविषयी ती बराच वेळ सांगत होती. आणि मग तितक्याच उत्साहाने शवविच्छेदनात पाहिलेल्या हाताच्या स्नायूंविषयी. कोणती वाट ती घेईल, हे मला सांगता येत नाही, आणि आज तिलाही सांगता येऊ नये हेच बरे. ज्या दिवशी ती ठरवील, त्या दिवशी तिच्या निर्णयामागे ऐकीव प्रतिष्ठा नसेल आणि कर्जाचा हप्ताही नसेल. स्वतः पाहिलेली माणसे असतील.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी ज्यांना डॉक्टर व्हावयाचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. एखाद्या पहाटे कोणाच्या तरी घरात एक मूल पोटदुखीने तळमळत असेल. तेथे पोट चाचपणारा हात हवा असतो, आणि तितकाच पोट उघडणाराही. तुमचा हात कोणता, ते सावकाश ठरवा. पण जेथे तो दोन्ही कामांना लागेल अशाच ठिकाणी शिकावयास जा.